सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात, माइक लावायला तयार नाहीत

प्रश्न:
माझ्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. यंत्र आणि समोरच्याचे ओठ, दोन्ही मिळून मला वाक्य कळतं. नुसत्या ओठांवर भागत नाही. पार, बार, मार तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. सर सूत्र सोडवताना फळ्याकडे वळून बोलत राहतात, तेव्हा तेवढंही जातं. दिव्यांग कक्षाचं पत्र आहे: सरांनी गळ्यात छोटा माइक घालायचा, म्हणजे आवाज थेट माझ्या यंत्रात येतो, आणि स्लाइड आदल्या दिवशी द्यायच्या. सर म्हणाले, "पुढच्या बाकावर बस की. तुला दिलं तर उद्या सगळेच मागतील." मी पहिल्या बाकावरच बसते. पाच आठवडे गेले. पुन्हा विचारलं तर चिडतील, आणि अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. काय करू?

उत्तर १:
मला दिसत नाही. आमच्या मॅडम पुस्तकाची पानं स्कॅन करून द्यायच्या, म्हणजे नुसते फोटो. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षर सापडायचं नाही, आणि त्यांना वाटायचं की पीडीएफ दिली म्हणजे काम झालं. शेवटी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून ती फाइल लावली. पान रिकामं आहे असं यंत्र बोललं, ते त्यांनी स्वतः ऐकलं. पुढच्या आठवड्यापासून टाइप केलेल्या फाइल यायला लागल्या.

तूही तासानंतर वेगळी वेळ माग. माइक सरांच्या हातात दे, बंद करायचं बटण दाखव. आपलं खासगी बोलणं तुला ऐकू येईल किंवा सगळं रेकॉर्ड होईल, ही भीती बऱ्याचदा शिक्षकांच्या मनात असते, पण कोणी बोलून दाखवत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, दाखवायची गरज नाही, तो कक्षाने पाहिलाय. भेट झाली की त्याच दिवशी मेल कर: "आज ठरल्याप्रमाणे सोमवारपासून..." नकार मिळाला तर तोही तसाच लिही, कक्षाला प्रत. पत्र त्यांचं आहे, पुढचं त्यांनी निस्तरायचं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराच्या कलम 2 मध्ये वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच धरलाय, आणि कलम 24 मध्ये उच्च शिक्षणही येतं. हे मात्र सरांना ऐकवू नकोस, कक्षाला लिहिताना घाल.

उत्तर २:
मी शिकवते, आणि मीही एकदा स्लाइड द्यायला नकार दिलाय. खरं कारण एवढंच की त्या आदल्या रात्रीपर्यंत तयारच नसायच्या, आणि ते सांगायची लाज वाटायची. तो विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, नुसते नवे शब्द आणि सूत्रं पाठवा." ते जमलं. शब्द आधी माहीत असला की ओठांवर ओळखू येतो, हे मला त्याच्याकडून कळलं. गुणांची धास्ती असेल तर कक्षातल्या कोणाला तरी सोबत ने.

प्रश्नकर्ती:
उद्या दुपारची वेळ मागितली, सर हो म्हणालेत. कक्षातल्या ताई सोबत येतायत. स्लाइडऐवजी शब्दांची यादी चालेल असं सांगते. माइकवर मात्र माघार घेणार नाही.