विमानतळाची खरी सोय कशात असते

विमानतळावर कोणती सोय सर्वांत महत्त्वाची, या प्रश्नावर आतापर्यंत आलेल्या प्रतिसादांत भर आहे तो विमानतळाच्या भव्यतेवर आणि तिथल्या दुकानांवर. माझ्या मते, वारंवार प्रवास करणाऱ्याला दारापासून विमानापर्यंत किती वेळ लागेल याचा अचूक अंदाज बांधता येणे, ही सर्वांत मोठी सोय आहे. या कसोटीवर छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ मला फार उजवे वाटते: ते जालना रस्त्याला लागून, शहराला खेटून आहे आणि २००९ सालची त्याची इमारत इतकी आटोपशीर आहे की वयस्क माणसांनाही आत गोंधळायला होत नाही. उणीव आहे ती उड्डाणांची. परदेशी जाणाऱ्या मराठवाड्यातील प्रवाशाला आधी दुसरे मोठे शहर गाठावे लागते, आणि मुंबईत एका टर्मिनलवर उतरून पुढचे विमान दुसऱ्यावरून असेल, तर सामानासह बाहेर पडून भर वाहतुकीतून रस्त्याने जावे लागते. हाताशी भरपूर वेळ असला तरी जीव टांगणीला लागतो. अशा वेळी झगमगाटापेक्षा स्वच्छ प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि गेट बदलल्याची वेळेवर, मराठीतूनही मिळणारी सूचना अधिक मोलाची ठरते. उड्डाणांचे वेळापत्रकही मी याच सोयींत धरतो, कारण सकाळी जाऊन रात्री परतता आले, तर मुक्कामाचा खर्च वाचतो.