हॅरी डीन स्टँटन: कुठून सुरुवात करू? (वेळ फक्त चार तास)

मृदुला_क: शनिवारी आई आणि मी, मिळून चार तास. अमेरिकन अभिनेता स्टँटनचे दोन सिनेमे सुचवा. भयपट नकोत, आईला सोसत नाहीत.

पटवेडा: 'पॅरिस, टेक्सास' (1984). अडीच तास गेले तरी चालतील. आयुष्यभर कडेच्या भूमिका केलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर नायकाची भूमिका मिळाली! पहिली पंचवीसेक मिनिटं ट्रॅव्हिस (म्हणजे स्टँटन) एक शब्द बोलत नाही, तिथे पुढे ढकलू नका. आणि मोबाईलवर नकोच. शेवटी काचेवरचं त्याचं प्रतिबिंब पलीकडच्या जेनच्या, म्हणजे त्याच्या दुरावलेल्या बायकोच्या, चेहऱ्यावर बसतं, ते छोट्या पडद्यावर हरवतं.

रात्रपाळी: आधी 'एलियन' (1979). त्यातला स्टँटनचा ब्रेट अवकाशयानावरचा दुरुस्तीवाला, बोनसचा वाटा कमी म्हणून कुरकुरणारा. मांजर शोधता शोधता वरून ठिबकणारं पाणी तोंडावर घेतो, ते बघाच. असा दमलेला कामगार दुसऱ्या कुणाला जमला नसता.

मृदुला_क: भयपट नको म्हटलंय हो.

जुनी_रिळं: काहीही लावा. समीक्षक रॉजर एबर्टचा नियमच आहे, स्टँटन दुय्यम भूमिकेत असला की सिनेमा पूर्ण वाईट निघत नाही.

पटवेडा: नियम स्टँटन आणि एम. एमेट वॉल्श या दोन्ही नटांबद्दल आहे. आणि 1989 च्या 'ड्रीम अ लिटल ड्रीम'ने तो मोडला, हेही एबर्टनेच लिहिलंय.

जुनी_रिळं: एका अपवादाने काय होतं? दोघांच्या याद्या काढून बघा.

साधना_ताई: 'पॅरिस, टेक्सास'ला माझंही मत. एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेच्या खोलीतल्या दुसऱ्या भेटीत ट्रॅव्हिस खुर्ची फिरवून जेनकडे पाठ करतो आणि स्वतःचीच गोष्ट 'एक माणूस होता' अशी सांगतो. आवाज वाढत नाही, रडारड नाही. सबटायटल्स लावा, तो फार हळू बोलतो.

केंटकी_फॅन: 'लकी' (2017) कुणीच कसा सांगितला नाही? 88 मिनिटं, नव्वदीतली मुख्य भूमिका. दुसऱ्या महायुद्धात स्टँटन खरोखर नौदलात स्वयंपाकी होता, ओकिनावाला. लकी या पात्रालाही तोच भूतकाळ दिलाय. उपाहारगृहात त्याच्याशी युद्धाबद्दल बोलणारा टॉम स्केरिट म्हणजे 'एलियन'चा कप्तान. पण हा शेवटी बघा. आधीचा स्टँटन माहीत नसेल तर त्या सुरकुत्यांचं वजन कळत नाही.

रात्रपाळी: म्हणूनच म्हणतोय, आधी 'एलियन'.

साधना_ताई: आई सोबत आहेत तर 'द स्ट्रेट स्टोरी' (1999) पण चालेल, 112 मिनिटं. मात्र स्टँटन अगदी शेवटी, जेमतेम काही मिनिटं. वॉकर धरून बाहेर येतो, भाऊ ज्या गवतकापणीच्या यंत्रावरून एवढ्या लांब आलाय त्याकडे बघतो, आणि डोळे भरतात. स्टँटनसाठी म्हणून बघणार असाल तर हा नको.

मृदुला_क: 'लकी' आणि 'स्ट्रेट स्टोरी' मिळून तीन तास वीस मिनिटं, बरोबर बसतं. 'लकी' आधी लावते. 'पॅरिस, टेक्सास' नंतर कधीतरी एकटी बघेन.

पटवेडा: उलटा क्रम लावताय!