सोरायसिस आणि एकटी होमिओपॅथी: मला पटत नाही, तुमचं मत मांडा

निंबोणी (धागाकर्ती)

सोरायसिस झालाय म्हटलं की पहिला सल्ला हमखास येतो: "होमिओपॅथी सुरू कर, वेळ लागेल पण मुळापासून जाईल." माझं मत याच्या उलट आहे. सोरायसिस असलेल्याने एकट्या होमिओपॅथीवर राहू नये. त्या गोळ्या अपाय करतात असं मी म्हणत नाही. पण वाट पाहण्यात जी वर्षं जातात, त्यात आजार आतमध्ये काय करतोय हे कुणी तपासत नाही.

चट्टे कातडीवर दिसतात, बिघाड प्रतिकारशक्तीत असतो. त्वचेच्या वरच्या थरातली पेशी तयार होऊन गळून पडायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच चक्र काही दिवसांत उरकतं, म्हणून पेशींचे थर साचतात आणि लाल चट्ट्यांवर चंदेरी पोपडे धरतात. आयएल-१७, आयएल-२३, टीएनएफ ही दाह वाढवणारी प्रथिनं यामागे आहेत. प्रवृत्ती बरेचदा आनुवंशिक असते. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, खरचटणं, लिथियमसारखं एखादं औषध हे निमित्त ठरतं. स्पर्शाने तो पसरत नाही, हे तर घरोघरी सांगायला हवं. माणसं टॉवेल वेगळा ठेवतात, शेजारी बसायचं टाळतात, आणि रुग्णाला चट्ट्यांपेक्षा तेच जास्त लागतं.

२०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आणि कायमचा इलाज नसलेला आजार असल्याचं मान्य केलं. म्हणून "मुळापासून बरा करतो" असं म्हणणारा कोणत्याही पॅथीचा असो, त्याच्यापासून सावध राहावं.

आडवाट

एकांगी लिहिलंय. मी आधी स्टेरॉइडचं मलम भरपूर लावलं. लावलं की चट्टे जायचे, थांबवलं की पहिल्यापेक्षा जास्त उठायचे. त्वचारोगतज्ज्ञांना माझ्याकडे वर बघायलाही वेळ नव्हता. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी झोप, भूक, राग, भीती सगळं विचारलं. ग्रॅफायटिस सुरू झालं, हळूहळू कोपर-गुडघे साफ झाले आणि आज मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो. हा अनुभव खोटा कसा म्हणू?

निंबोणी

अनुभव खोटा नाहीच. प्रश्न श्रेय कुणाचं हा आहे. सोरायसिस आपोआप चढतो आणि उतरतो. घसा बिघडल्यावर मुलांच्या अंगावर थेंबासारखे बारीक चट्टे उठतात, तो प्रकार तर बरेचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्वतःहून ओसरतो. त्या काळात मूल जे काही खात असेल, त्याला यश मिळतं.

समचिकित्सक

मी होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे आजाराच्या नावाला औषध नसतं, माणसाला असतं. एकाला आर्सेनिकम अल्बम, दुसऱ्याला सेपिया, तिसऱ्याला पेट्रोलियम. सगळ्यांना एकच गोळी देऊन घेतलेल्या चाचणीत आम्ही नापास होणारच. शिवाय होमिओपॅथीचा जनक हानेमानने सांगून ठेवलंय की त्वचेवरचा रोग मलमाने दाबला तर तो आत जातो. आणि सोरायसिसवर तुमच्याकडे देतात त्या मेथोट्रेक्सेट औषधाचं काय? ते यकृताला त्रास देतं, हे तुमचेच डॉक्टर सांगतात.

कातळ

मेथोट्रेक्सेटचे धोके खरे आहेत. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच रक्ततपासण्या करत राहतात. गरोदरपणात ते चालत नाही. पण उपचार तेवढाच नाही: कॅल्सिपोट्रिऑलचं मलम आहे, अतिनील किरणांचा उपचार आहे, आणि निंबोणीने सांगितलेल्या प्रथिनांनाच अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. ती महाग पडतात, संसर्गाचा धोका पाहून द्यावी लागतात, तरी अनेकांची त्वचा त्यांनी जवळपास साफ होते.

माणसागणिक औषध बदलतं म्हणून चाचणी घेता येत नाही, हे मान्य नाही. औषध डॉक्टरांनीच निवडावं. देणाऱ्याने निम्म्या रुग्णांना तेच आणि निम्म्यांना कोरी गोळी द्यावी, कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत झाकून ठेवावं. अशा चाचण्या होमिओपॅथीच्या झालेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. होमिओपॅथीच्या औषधावर '३० सी' पोटेन्सी लिहिलेली असते, म्हणजे मूळ पदार्थ शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीसदा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची शक्यता संपते.

आता "दाबला की आत जातो" याबद्दल, कारण याने खरं नुकसान होतं. सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा आजार होतो, बहुतेकदा चट्टे आल्यानंतर काही वर्षांनी. जो दाह त्वचेत, तोच सांध्यात. मलम न लावणाऱ्यालाही तो होतो. पण सगळा दोष मलमावर टाकला की रुग्ण सांध्यांचे उपचारही नाकारतो, आणि झिजलेला सांधा परत मिळत नाही.

ओंजळ

आमच्या नात्यातल्या एका काकांची पोटात घ्यायची स्टेरॉइडं एका ठिकाणी एकदम बंद करायला लावली. अंगभर लाली पसरली, कातडी सोलायला लागली, थंडी वाजायला लागली. तरी उत्तर तेच: रोग बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. शेवटी दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथे कळलं की अशा अवस्थेत शरीराचं तापमान आणि पाणी दोन्ही सांभाळता येत नाही. कृपा करून कुणीही चालू औषध मनाने तोडू नका.

समचिकित्सक

ते चूकच झालं. चालू औषध मी कधीच एकदम बंद करत नाही, सांधे दुखत असतील तर पुढे पाठवतो. पण तासभर ऐकून घेण्याला किंमत नाही, हे मी मानणार नाही. ताणाने उसळणाऱ्या आजारात तोही उपचारच आहे.

निंबोणी

ऐकून घेण्याला किंमत आहेच, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी ते शिकावं असं मलाही तळमळीने वाटतं. पण त्यासाठी गोळी लागत नाही. मला एवढंच सांगा, चट्टे वाढत असताना तुम्ही रुग्णाला किती महिने थांबवता?

समचिकित्सक

ठरावीक आकडा सांगता येत नाही. प्रकृतीवर आहे.

निंबोणी

माझा विरोध नेमका याच उत्तराला आहे. आकडा नसला की वर्षं जातात.

आडवाट

गोळ्या मी सोडणार नाही, हे आधीच सांगतो. पण सांध्यांचं वाचून विचारतोय: सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, तासाभराने मोकळी होते. नखांवर बारीक खड्डेही आहेत. याचा संबंध असू शकतो का?

कातळ

असू शकतो, दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या आणि सोरायसिस आहे हे त्यांना आधी सांगा, चट्टे आत्ता दिसत नसले तरी. एखादं बोट संपूर्ण सुजलं होतं का, कंबर पहाटे आखडते का, तेही सांगा. संधिवातासाठी रक्तात तपासतात तो रुमॅटॉइड फॅक्टर सोरायसिसच्या सांधेदुखीत बहुधा निगेटिव्हच येतो, त्यामुळे तेवढ्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. गोळ्या चालू आहेत हेही त्यांना सांगा.