कोची बंदर एका पुरात झालं हे कितपत खरं?

प्रश्न
कोचीबद्दल काहीही वाचा, एकच वाक्य येतं, १३४१ ला पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीला बंदर मिळालं. एका पुरात एवढं होतं का राव? आणि तिकडे वर्षभर पाऊसच असतो का, तेही सांगा.

गाळवाला
पूर आला असणार, पण सगळं श्रेय त्याला द्यायला मी तयार नाही. मुझिरिसचा रोमन व्यापार त्याच्या कित्येक शतकं आधीच आटला होता. नदी सह्याद्रीतून उतरते, पाऊस प्रचंड, त्यामुळे गाळ खूप येतो आणि लाटा तो किनाऱ्याला समांतर रचत राहतात, म्हणून बाहेर वाळूची पट्टी आणि आत वेंबनाडसारखं लांबलचक खारं-गोडं पाणी. पण हो, कोचीजवळचं वायपीन बेट त्याच साली वर आलं असं मानतात आणि तिथे १३४१ पासून मोजायची पुतुवैप्पु नावाची कालगणनाच होती, म्हणजे लोकांनी वर्षं मोजायला घ्यावीत असं काहीतरी घडलंच.

खलाशी_नाही
+१. आणि आजचं मोठं बंदर पुराने नाही, ड्रेजरने (तळाचा गाळ उपसणाऱ्या जहाजाने) दिलंय. तोंडाशी वाळूचा दांडा आडवा होता, मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकून उभी, पावसाळ्यात तर हाल. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज बंदर-इंजिनिअर १९२० मध्ये आला, दांडा कापला, उपसलेल्या गाळावर विलिंग्डन बेट उभं केलं आणि १९२८ ला मोठं जहाज आत आलं. गाळ उपसणं मात्र अजून चालूच आहे, थांबवलं तर जहाजांचा खोल मार्ग परत भरेल.

ढगाळ
पावसाचं सांगतो. १ जूनच्या आसपास नैऋत्य मान्सून, मग थोडी उसंत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा, तेव्हा सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाट. जानेवारी-फेब्रुवारी बऱ्यापैकी कोरडे. वर्षाचा पाऊस साधारण ३००० मिमी. विषुववृत्तापासून जेमतेम १० अंश, म्हणून थंडी विसरा. भरती-ओहोटीचा फरक तिथे फक्त मीटरभर (मुंबईत मोठ्या उधाणाला चारच्या वर जातो), पण जमीनच इतकी सखल की तेवढ्यानेही पाणी घरात येतं. २०१८ च्या पुरात पेरियारकाठचा विमानतळ दोन आठवडे बंद होता, आठवतंय ना?

प्रश्नकर्ता
भारी! विमानतळाचं डोक्यातच नव्हतं. पण ते पुतुवैप्पु साल वापरलेलं कुठे दिसतं, शिलालेखात की जुन्या कागदांत?