शेततळ्यात चिलापी आमिष खाते, पण गळाला लागत नाही

खानापूर_शिवार: कृषी होंडा (कानडीत शेततळं), २० बाय २० मीटर, खोली ३ मीटर, तळाला प्लास्टिक कागद. तळहाताएवढ्या चिलापी (तिलापिया मासे) भरपूर आहेत. वेळूची काठी, ०.४० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ४ नंबरचा गळ, अख्खं गांडूळ. तरंगा नुसता थरथरतो, ओढलं की गळ रिकामा. कागद फाटायचीही भीती. काय बदलू?

गळकरी_निपाणी: दादा, गळच मोठा आहे. चिलापीचं तोंड लहान, ती गांडुळाचं लोंबतं टोक धरून कुरतडते, गळ तोंडात जातच नाही. १० किंवा १२ नंबर घ्या (नंबर वाढेल तसा गळ लहान). तंगूस ०.१८ ते ०.२०. गांडुळाचा फक्त एक सेंटिमीटर तुकडा, गळाचं टोक जेमतेम उघडं.

तरंगा मोरपिसाच्या काडीचा. शिसं इतकंच लावा की काडीचं अर्धा सेंटिमीटर टोक पाण्यावर राहील, आणि ते शिसं गळापासून ५-६ सेंटिमीटरवर. चिलापी आमिष उचलून वर सरकली की शिशाचा भार सुटतो आणि तरंगा बुडायच्या ऐवजी वर उठतो, कधी आडवा पडतो. तीच खरी वेळ! बुडण्याची वाट बघितली की गळ रिकामाच येणार. मनगटाने हलका झटका पुरे.

चिकोडी_तळं: कागदासाठी आधी खोली मोजा. गळाचं टोक खोडरबरात टोचून, त्याला वजन बांधून सोडा, म्हणजे टोक कागदाला लागत नाही. मग आमिष तळापासून एक वीत वर राहील असा तरंगा सरकवा. गळ अडकलाच तर ओढू नका, तंगूस कापा.

थंडीत पहाटे बसून उपयोग नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की चिलापी फार कमी खाते, तेव्हा ११ ते ४, उन्हाचा कोपरा. उन्हाळ्यात पहाट चांगली. पण मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. त्या दिवशी गळ नको, पेंडही टाकू नका, ताजं पाणी सोडा.

आणि ओल्या कागदाच्या उतारावरून पाय घसरला तर वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर झाडाला बांधून पाण्यात सोडूनच ठेवा. एकट्याने बसू नका.

खानापूर_शिवार: कणीक चालेल का?

गळकरी_निपाणी: चालते. दोन भाग कणीक, एक भाग बारीक शेंगपेंड, पाणी बेताचं. सैल झाली तर टाकतानाच सुटते, म्हणून चिमूटभर कापूस मळून घाला. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी.

चिकोडी_तळं: एक राहिलं. लहान निघालेली परत सोडू नका. चिलापी लहान वयातच पिल्लं घालते, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे बहुतेक पिल्लं जगतात. गर्दी झाली की खाणं पुरत नाही आणि सगळीच तळहाताएवढी राहतात, तुमच्याकडे तेच झालंय. पण जिवंत मासा गावतळ्यात किंवा मलप्रभा नदीत अजिबात सोडू नका. १९५२ साली बाहेरून आणलेली ही जात तिथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही घेते.