मॅपस्ट्रक्ट: फील्ड आलेच नाही आणि फील्ड नल आले, यांत फरक कसा करावा?

नमस्कार,

स्प्रिंग बूट (जावाचे फ्रेमवर्क) आणि मॅपस्ट्रक्ट १.५ (एका जावा ऑब्जेक्टमधील मूल्ये दुसऱ्यात भरणारा मॅपर कोड तयार करणारे साधन) वापरून मी एका ग्रंथालयाच्या सभासद-नोंदणीची सेवा लिहीत आहे. सभासदाच्या माहितीत बदल करायचा असेल तेव्हा पॅच विनंती (काही फील्डेच बदलणारी एचटीटीपी विनंती) येते, तिच्यातील जेसनमधून डीटीओ (फक्त माहिती वाहून नेणारा ऑब्जेक्ट) तयार होतो आणि त्यातील मूल्ये डेटाबेसमधून आणलेल्या एंटिटीवर, म्हणजे सभासदाच्या नोंदीच्या ऑब्जेक्टवर, चढवली जातात. विनंतीत जे फील्ड नाही, त्याचे एंटिटीतील मूल्य जसेच्या तसे राहायला हवे.

मॅपिंगटार्गेट दिलेल्या, म्हणजे आधीच असलेला ऑब्जेक्ट बदलणाऱ्या मेथडमध्येही मॅपस्ट्रक्ट सोर्समधील नल (‘मूल्य नाही’) एरवी थेट टार्गेटवर लिहितो, त्यामुळे फक्त ईमेल पाठवला तरी नाव आणि मोबाइल क्रमांक पुसले जातात. नल व्हॅल्यू प्रॉपर्टी मॅपिंग स्ट्रॅटेजी ‘इग्नोर’ ठेवल्यावर हे थांबले. डीटीओतील ‘एसएमएस सूचना’ हे फील्डही मी प्रिमिटिव्ह न ठेवता रॅपर बूलियन केले आहे, कारण प्रिमिटिव्हला नल होताच येत नाही. प्रिमिटिव्ह असताना विनंतीत ते फील्ड नसले तरी डीटीओत ‘फॉल्स’ बसते आणि सभासदाने सुरू ठेवलेल्या सूचना नकळत बंद होतात. इंट आणि लाँग यांच्या बाबतीतही शून्य याच वाटेने शिरते, आणि सगळी फील्डे भरून केलेल्या टेस्टमध्ये ते दिसत नाही.

खरा पेच यापुढे आहे. सभासदाला पर्यायी मोबाइल क्रमांक काढून टाकायचा असेल तर क्लायंट ते फील्ड मुद्दाम नल पाठवतो. जेसन मर्ज पॅचच्या आरएफसी ७३९६ (२०१४) या मानकानुसार नल म्हणजे ‘काढून टाका’ आणि फील्ड नसणे म्हणजे ‘आहे तसे ठेवा’. डीटीओत मात्र दोन्ही नलच दिसतात, आणि ‘इग्नोर’मुळे जुना क्रमांक कधीच निघत नाही.

जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीचे रीडर-फॉर-अपडेटिंग वापरून जेसन सरळ एंटिटीवर वाचता येते आणि त्यात हा फरक टिकतो. पण मग क्लायंटने सभासद क्रमांक किंवा वर्गणीची मुदत पाठवली तर तीही बदलेल, म्हणून तो मार्ग मला पटत नाही. प्रत्येक फील्ड जेसन-नलेबलमध्ये (फील्ड आले की नाही हेही लक्षात ठेवणारा रॅपर) गुंडाळणे, ते ‘आले आहे का’ हे मॅपस्ट्रक्टच्या कंडिशन मेथडने तपासणे आणि ‘इग्नोर’ तसेच ठेवणे, हा पर्याय मला अधिक सुरक्षित वाटतो.

हा मार्ग कोणी प्रत्यक्ष वापरला असल्यास दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पत्ता हा स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे. विनंतीत फक्त पिनकोड आला, तर नवा पत्ता न बनवता असलेल्या पत्त्यातच तेवढा बदल व्हावा, यासाठी मॅपर कसा लिहावा? आणि नाव यांसारख्या अनिवार्य फील्डला नल आला, तर तो व्हॅलिडेशनमध्ये अडवावा की मॅपरमध्ये? मॅपरच्या इंटरफेसचा नमुना दाखवल्यास फार मदत होईल.