युरोव्हिजन आणि भाषा
युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा. इंग्रजीत गायल्याशिवाय तिथे निभाव लागत नाही, असं म्हणतात ते अर्धंच खरं. स्वीडनचा अॅबा हा गट, १९७४ मध्ये इंग्रजीत गाऊन जिंकले, मान्य. पण २०१७ साली पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल चक्क पोर्तुगीजमध्ये गायला, ७५८ गुण घेऊन जिंकला. परीक्षकांचीही पहिली पसंती तोच आणि प्रेक्षकांचीही. ना आतषबाजी, ना नाच. गाणं सख्ख्या बहिणीने रचलेलं.

तेव्हा मे महिना, देवगडला घरी होतो. पडवीत आई फणसाचे गरे काढत बसलेली, हाताला खोबरेल. मोबाईलवर ते गाणं लावलं. शब्द एक कळला नाही, पण सुरी थांबली नि आई म्हणाली, "ह्येचा कोण गेला रे?"